'प्रिन्स्टन' एल्म दारासमोर लावावा का? 'रोगप्रतिकारक' म्हणजे नेमके काय समजायचे?

रारितनकाठ (प्रश्न)

आम्ही न्यू जर्सीच्या मध्य भागात राहतो. घरासमोर, पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीत, पालिकेने फार पूर्वी लावलेला ॲशचा मोठा वृक्ष होता. 'एमराल्ड ॲश बोरर' या हिरव्या भुंगेऱ्याने तो आतून पोखरला आणि गेल्या हिवाळ्यात पालिकेने तो कापून नेला. त्या जागी कोणते झाड हवे ते आम्ही एका यादीतून निवडायचे आहे. त्या यादीत 'प्रिन्स्टन' नावाचा अमेरिकन एल्म आहे, आणि माझे मन त्याच्यावर बसले आहे.

मन बसण्याचे कारण थोडे घरगुती आहे. मे महिन्यात वडील साताऱ्याहून आले होते. त्यांना घेऊन प्रिन्स्टनला गेलो असता वॉशिंग्टन रोडवरच्या एल्मच्या रांगेखाली ते थांबले, खाली पडलेल्या चपट्या, कागदासारख्या बिया त्यांनी ओंजळीत घेतल्या आणि म्हणाले, "अरे, ही तर वावळ्याची पापडी, फक्त लहान." वावळा आणि एल्म यांचे खरोखर काही नाते आहे का, हा माझा एक उपप्रश्न समजावा.

मुख्य प्रश्न असा की, डच एल्म रोगाने या देशातले एल्म किती मोठ्या प्रमाणावर मेले हे वाचले असल्यामुळे धास्ती वाटते. रोपवाटिकेतल्या माणसाने मला छातीठोकपणे सांगितले की 'प्रिन्स्टन'ला तो रोग होतच नाही. याउलट शेजारचे गृहस्थ म्हणतात की एल्म लावणे म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा करवत बोलावणे. या दोन टोकांमध्ये खरे काय आहे? आणि यादीतला 'व्हॅली फोर्ज' हा दुसरा एल्म अधिक चांगला आहे का? ज्यांनी ही झाडे लावली आहेत किंवा ज्यांचा या विषयाशी कामानिमित्त संबंध येतो, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वनकर्मी

मी विस्कॉन्सिनमधल्या एका शहराच्या वृक्ष विभागात बारा वर्षे काम करतो, त्यामुळे मेलेले एल्मही पाहिले आहेत आणि नव्याने लावलेलेही. रोपवाटिकेतल्या माणसाचे विधान चुकीचे आहे, परंतु शेजाऱ्यांचा निष्कर्षही घाईचा आहे.

आधी रोग कसा चालतो ते पाहू, कारण त्याशिवाय 'प्रतिकारक' या शब्दाचा अर्थ लागत नाही. रोग बुरशीचा आहे आणि ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम साल पोखरणारे छोटे भुंगेरे करतात. हे भुंगेरे मरणाऱ्या किंवा नुकत्याच मेलेल्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतात. तिथे वाढलेली नवी पिढी अंगावर बीजाणू घेऊन बाहेर पडते, निरोगी झाडांच्या कोवळ्या फांद्या कुरतडते आणि त्या जखमेतून बीजाणू काष्ठवाहिन्यांत शिरतात. पुढे पाण्याच्या प्रवाहाबरोबर बुरशी पसरत जाते. तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच्याच वाहिन्यांमध्ये डिंकासारखा पदार्थ आणि फुग्यांसारख्या वाढी भरू लागते, आणि हा बचाव उशिरा व अतोनात झाला की वरच्या पानांना पाणीच पोहोचत नाही. जूनमध्ये हिरव्यागार शेंड्यात एखादीच फांदी पिवळी पडून लोंबू लागते. आम्ही तशी फांदी उतरवतो, चाकूने तिची साल सोलतो आणि पांढुरक्या लाकडावर पेन्सिलीने ओढल्यासारख्या उभ्या तपकिरी रेघा दिसतात का ते पाहतो. तीच फांदी आडवी कापली तर त्या रेघा ठिपक्यांच्या कड्यासारख्या दिसतात. लागण नक्की करण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, पण ते कडे एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

प्रतिकारक्षम वाणाच्या झाडालाही भुंगेरा चावतो आणि बुरशी त्याच्याही आत जाते. फरक इतकाच की झाड तिला थोड्या भागात कोंडून ठेवू शकते. काही पाने सुकतात, क्वचित एखादी फांदी जाते, परंतु झाड जगते. वाणांची चाचणीही याच तत्त्वावर होते. वसंत ऋतूच्या अखेरीस बुंध्याला भोक पाडून त्यात बीजाणू सोडतात आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी किती टक्के शेंडा वाळला ते मोजतात. म्हणजे 'प्रतिकारक' हे प्रमाणाचे विशेषण आहे, होय किंवा नाही अशा उत्तराचे नाही. ते झाडाच्या वयावर, हवेवर आणि पाण्याच्या ताणावरही अवलंबून असते.

'प्रिन्स्टन'ची कथा मला आवडते, कारण त्याची निवड रोगासाठी झालेलीच नव्हती. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन नर्सरीज या रोपवाटिकेचे विल्यम फ्लेमर यांनी १९२२ मध्ये रोपांच्या वाफ्यातून त्याला निवडले ते उभट, भारदस्त घडणीसाठी. त्या वेळी हा रोग अमेरिकेत आलेलाही नव्हता. तो १९३० मध्ये ओहायोत सापडला आणि १९३३ मध्ये तुमच्याच न्यू जर्सीत. पुढे आजूबाजूचे एल्म पटापट मेले आणि या वाणाची झाडे उभी राहिली, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. नंतरच्या चाचण्यांतही तो टिकला. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर याच वाणाची झाडे लावली आहेत. 'व्हॅली फोर्ज' मात्र अमेरिकेच्या कृषी खात्याने मुद्दाम चाचण्या घेऊन निवडला आणि १९९५ मध्ये प्रसृत केला. निव्वळ रोगाला तोंड देण्याच्या बाबतीत अमेरिकन एल्ममध्ये तो बहुधा सर्वांत वरचा ठरतो, परंतु तारुण्यात त्याची घडण इतकी अस्ताव्यस्त असते की छाटणीची सवय नसलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी तुमच्या जागी 'ॲकोलेड' लावीन. इलिनॉयमधल्या लाइल येथील मॉर्टन आर्बोरेटमचा हा आशियाई जातींचा संकर आहे. त्याची ठेवण अमेरिकन एल्मसारखी फुलदाणीच्या आकाराची असून तो रोगालाही चांगला पुरून उरतो. यादीत नसेल तर पालिकेला विचारून पाहावे.

बेचके

वनकर्मी यांनी रोगाबद्दल लिहिले ते पटले. मी मेरीलँडमध्ये राहतो आणि आमच्या अंगणात 'प्रिन्स्टन' एल्म लावून अकरा वर्षे झाली. त्याला रोगाने काही केले नाही. नुकसान झाले ते माझ्या आळसाने, आणि म्हणून लिहितो.

हे झाड वेगाने वाढते. पहिली काही वर्षे ते दर उन्हाळ्यात दोन-तीन फूट सहज चढले आणि मी कौतुकाने नुसता पाहत राहिलो. साधारण आठ फुटांवर त्याचे दोन सारख्या जाडीचे शेंडे झाले होते आणि त्यांच्यामधले बेचके अगदी अरुंद होते. अशा बेचक्यात दोन्ही बाजूंची साल आत दाबली जाते, त्यामुळे बाहेरून जोड भक्कम दिसला तरी लाकूड लाकडाला चिकटलेलेच नसते. आठव्या वर्षी जुलैच्या एका वादळात त्यातला एक शेंडा बुंध्याची लांब चीर घेऊन खाली आला. चिरेच्या आत पाहिले तर काळपट, वाळकी साल घडी घातल्यासारखी बसलेली होती. झाड अजून उभे आहे, पण एका अंगाने भुंडे.

ज्या दुकानातून झाड आणले तिथे कोणी छाटणीचा शब्दही काढला नव्हता. मीही विचारले नाही, त्यामुळे दोष वाटून घ्यावा लागेल. तुम्ही लावणार असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच एक मुख्य शेंडा ठरवा आणि त्याच्याशी स्पर्धा करणारा शेंडा आखूड करा. अरुंद बेचक्याच्या फांद्या बोटाएवढ्या असतानाच काढा, कारण मनगटाएवढ्या झाल्या की जखम मोठी होते. हे सगळे झाड निष्पर्ण असताना, म्हणजे नोव्हेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत उरकावे, कारण उन्हाळ्यात ताज्या कापाच्या वासाने तेच भुंगेरे येतात.

रोप घेताना आणखी एक गोष्ट विचारा. ते स्वतःच्या मुळांवर वाढवलेले, म्हणजे छाट कलमाचे आहे, की दुसऱ्या एल्मच्या खुंटावर बांधलेले आहे? खुंट वेगळा असेल तर जोड पुढे दगा देऊ शकतो, आणि खुंटाला फुटलेले धुमारे मूळ वाणाचे नसतात. छाट कलमाचे रोप मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

चिरबिल्व

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. या संकेतस्थळावर मी जे नाव घेतले आहे ते वावळ्याचेच संस्कृत नाव आहे, त्यामुळे या उपप्रश्नाला उत्तर देणे मला भागच आहे.

वावळा, म्हणजे 'होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया', हा 'अल्मेसी' या एल्मच्याच कुळातला आहे. इंग्रजीत त्याला 'इंडियन एल्म' म्हणतात, आणि या वेळी ते नाव दिशाभूल करणारे नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड निष्पर्ण असताना त्याच्यावर पोपटी पापड्यांचे घोस लटकतात, त्या वाळून वाऱ्यावर उडतात आणि अंगणात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीत सर्वत्र पसरतात. पापडीच्या मधोमध असलेली बी सोलून खाण्याचा उद्योग आमच्या पिढीतल्या बहुतेक मुलांनी केलेला आहे. अमेरिकन एल्मची पापडी जेमतेम नखाएवढी असते आणि तिच्या कडेला बारीक लव असते. वावळ्याची त्याहून बरीच मोठी आणि गोल असते. पाने चुरगळून वास घेतला तर मात्र गोंधळ राहणार नाही, कारण वावळ्याच्या पानाची दुर्गंधी एल्मला नाही.

परंतु भारताचा या रोगाशी असलेला खरा संबंध वावळ्यातून नव्हे, हिमालयातून येतो. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत 'अल्मस वॉलिचियाना' हा एल्म वाढतो आणि डोंगरातले लोक त्याचा पाला तोडून गुरांना घालतात. नेदरलँड्समधल्या पैदासकारांनी युरोपीय एल्मशी त्याचा संकर केला आणि त्यातून 'लोबेल', 'डोडोएन्स', 'प्लांटाइन' हे वाण १९७० च्या दशकात बाहेर आले. फ्रान्समधल्या 'ल्युतेस' या वाणाच्या वंशावळीतही हिमालयीन एल्म आहे. विशेष म्हणजे ब्रेझियर आणि मेहरोत्रा या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हिमालयातल्याच एल्मवर या रोगाच्या बुरशीची एक स्वतंत्र जात नोंदवली, 'ऑफिओस्टोमा हिमाल-अल्माय'. ती तिथे आहे, तिला वाहणारे भुंगेरेही आहेत, तरी तिथे साथ नाही. झाड, कीटक आणि बुरशी दीर्घकाळ एकत्र राहिली की असा समतोल बसत असावा.

आता प्रश्न पडेल की अमेरिकन एल्मचाच आशियाई जातीशी संकर करून मोकळे का झाले नाहीत. प्रयत्न पुष्कळ झाले. अडचण गुणसूत्रांची आहे. अमेरिकन एल्ममध्ये सामान्यतः ५६ गुणसूत्रे असतात, तर जवळजवळ सर्व इतर एल्ममध्ये २८. त्यामुळे बीजधारणाच नीट होत नाही. म्हणूनच अमेरिकन एल्मच्या बाबतीत साथीतून वाचलेली झाडे शोधायची, त्यांची कलमे करायची आणि चाचणी घ्यायची, हाच मार्ग मुख्यतः उरला. वनकर्मी यांचा 'ॲकोलेड' उत्तम असेलही, परंतु त्यात अमेरिकन एल्म नाही. प्रिन्स्टनच्या रस्त्यावर आपल्या वडिलांना जे भावले ते झाड हवे असेल तर 'प्रिन्स्टन'च लावावा, असे मला वाटते.

कालव्याकाठी

मी ॲमस्टरडॅममध्ये राहते. इथे कालव्यांच्या दोन्ही काठांना एल्म आहेत आणि मे महिन्यात त्यांच्या पापड्या रस्त्यांवर इतक्या साचतात की लोक त्याला वसंतातला बर्फ म्हणतात. या रोगाच्या नावातला 'डच' शब्द इथल्या लोकांना खटकतो, कारण रोग इथला नाही. तो ओळखला गेला इथे. योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेया श्वार्ट्स या तरुण संशोधिकेने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही बुरशी वेगळी केली आणि १९२७ मध्ये क्रिस्टीन बाउसमन यांनी तीच रोगाचे कारण असल्याचे पक्के केले. पुढे दोघींची नावे दोन प्रतिकारक्षम वाणांना देण्यात आली.

माझा मुद्दा मात्र थोडा सावधगिरीचा आहे. इथे १९६० मध्ये 'कॉमेलिन' हा वाण आला आणि रस्तोरस्ती लावला गेला. तो त्या काळच्या बुरशीला पुरेसा होता. नंतर बुरशीची अधिक आक्रमक जात पसरली, जिला १९९१ मध्ये 'नोव्हो-अल्माय' हे वेगळे नाव मिळाले, आणि 'कॉमेलिन' तिच्यापुढे टिकला नाही. कलमांनी वाढवलेली सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या एकच झाड असतात, त्यामुळे एकाला जे मारते ते सर्वांना मारू शकते. म्हणून एखाद्याने 'प्रिन्स्टन' लावण्याला माझा आक्षेप नाही, परंतु तुमच्या पालिकेने सबंध रस्त्यावर तोच लावला तर मात्र तुम्ही बोलायला हवे. तुमचा ॲश का गेला, त्याचा विचार करा. अमेरिकेत एल्म मेल्यावर कित्येक गावांनी रांगेने ॲशच लावले होते.

आणखी असे की या शहरात एल्म टिकले ते केवळ वाणांमुळे नव्हे. रोगट झाड दिसले की ते लगेच तोडायचे आणि सालीसकट लाकूड नष्ट करायचे, हे काम पालिका दरवर्षी नेमाने करते.

रारितनकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना चिरबिल्व सरांचा निरोप फोनवर वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले की पानाच्या वासाचे त्यांनाही आठवत होते, पण परक्या गावात झाडाची पाने चुरगळणे बरे दिसले नसते.

मी 'प्रिन्स्टन'च निवडत आहे. आमच्या रस्त्यावर या वर्षी नऊ झाडे लागणार आहेत. त्यांतले एल्म दोनच असून बाकी ओक, लिंडन आणि हनी लोकस्ट आहेत, हे पालिकेत विचारून खात्री करून घेतली. दोन शंका उरल्या आहेत. दुसरा एल्म आमच्यापासून चार घरे पलीकडे असेल, तर मुळांतून रोग येण्याची भीती आहे का? आणि डच रोगाखेरीज एल्मला आणखी काय होते?

वनकर्मी

शेजारी वाढणाऱ्या एल्मची मुळे जमिनीखाली एकमेकांना जुळतात आणि बुरशी त्या वाटेने जाते, हे खरे आहे. त्यामुळेच जुन्या दाट रांगा एकापाठोपाठ एक गेल्या. चार घरांच्या अंतरावर दोन तरुण झाडांत ती चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरा रोग ध्यानात ठेवावा असा म्हणजे 'एल्म यलोज'. तो बुरशीचा नसून फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होतो आणि तुडतुडे तो पसरवतात. तुमच्या शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात राज्य विद्यापीठाच्या आवारातले कित्येक जुने एल्म त्याने गेले. 'प्रिन्स्टन' काय किंवा 'व्हॅली फोर्ज' काय, डच रोगाला दिलेला प्रतिकार इथे कामाला येत नाही, आणि माझा ओढा आशियाई संकरांकडे असण्याचे हेही एक कारण आहे. जपानी भुंगेरे पाने चाळणीसारखी करतील, परंतु त्याने सशक्त झाड मरत नाही.

लावणीच्या दिवशी शक्यतो घरी थांबा. मुळांच्या गोळ्याभोवतीची तारेची जाळी आणि गोणपाट निदान वरच्या अर्ध्या भागातून काढायला सांगा. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत शिरतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, कारण घाईत झाडे बहुतेक वेळा खोल पुरली जातात. लाकडाच्या भुश्शाचे आच्छादन दोन-तीन इंच पुरे, आणि ते बुंध्याला टेकता कामा नये. पहिली दोन-तीन वर्षे पावसाने ओढ दिली तर बुंध्याच्या दर इंच जाडीमागे आठवड्याला साधारण १० गॅलन पाणी द्यावे. जूनमध्ये अधूनमधून मान वर करून शेंडा पाहत जा. एकच फांदी पिवळी दिसली तर वाट न पाहता पालिकेला कळवा, आणि कोणी तोडलेल्या एल्मचे सालीसकट सरपण स्वस्तात देऊ केले तर ते घरी आणू नका.